आजीची तीट

डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसानं मनूच्या गालावरची काजळाची तीट पुसली, तेव्हा तिची आजी नाराजच झाली. मनू म्हणजे माझ्या बहिणीची लेक, तेव्हा चार महिन्यांची. तिच्या डोळ्याखाली तुतीएवढा लालभडक डाग आला होता आणि तो झाकायला आजी भली मोठी तीट लावायची. "ग्रहणात हिनं भाजी चिरली ना," सुनेकडे बघत आजी म्हणाली. बहिणीनं मान खाली घातली.

बाईंनी डागावर हलकेच बोट दाबलं. लाली नाहीशी झाली. बोट उचललं, तशी पुन्हा भरून आली.

"ग्रहणाचा काही संबंध नाही, आजी. रक्तवाहिन्या जरा जास्त वाढल्यात, इतकंच. डोळ्याजवळ आहे म्हणून औषध देऊ. थेंब रोज द्या, पण पोटात दूध गेल्यावरच. ओसरेल हळूहळू."

बहिणीनं मान वर केली. मी मात्र त्या भरून येणाऱ्या लालीकडे बघत राहिले. मांडव सोडून कुंपणाबाहेर धावणाऱ्या वेलासारखा तो नुसता उत्साह होता, थोडा आवरला की पुरे. आणि आपण? कुठे काही जास्त उमललं की आधी कुणाची तरी चूक शोधायला लागतो.

परवा मनूच्या पहिल्या वाढदिवसाला गेले. डागाची आता फिकट गुलाबी छटा तेवढी उरलीय. तीट होती, पण दुसऱ्या गालावर, मोहरीएवढी.

"इकडं नाही लावली?" मी विचारलं.

आजी हसून म्हणाली, "तिकडं देवानंच लावून पाठवलीय की!"