चार खळग्यांचा पाव

आजच्या पावावर चार खळगे आहेत, आईच्या बोटांचे. सांधे आखडल्यापासून तिचं कणीक मळणं सुटलं, म्हणून मी पाव करायचं मशीन आणलं. पीठ, पाणी, यीस्ट घातलं की मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं तेच करतं. आई त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. आज मात्र पीठ फुगल्यावर तिने झाकण उघडलं आणि त्यावर बोटं दाबली.

“अगं, पाव बसेल!” मी ओरडले.

“बसू दे. मळलेला गोळा बोटं न उमटवता ठेवू नये. पिंडासारखा दिसतो.”

पाव थोडा बसलाच. पण इतके दिवस मशीनचा वाटणारा पाव आज घरचा वाटला. हात थकतात, हाताची सवय कुठे थकते?

पहिला तुकडा चावत आई म्हणाली, “उद्या ओवा घालू.”