कानामागचा ठिपका

पाटकरकाका कुठलाही नवा रंग थेट तोंडाला लावत नसत. आधी कानामागे एक ठिपका, मग दिवसभर वाट. "रवांदे गो. उद्या बघया," म्हणायचे. अंधेरीच्या एका स्टुडिओत, पौराणिक मालिकेत मी राक्षशीण होते आणि काका आमचे मेकअपमन. मूळचे मालवणकडचे, राहायला कांदिवलीला. पॅकअपनंतर घाईघाईत कुणी चेहरा खसाखसा पुसायला लागलं की हमखास खेकसत, "टोप घासतंस काय? तोंड आसा ता!" आम्ही हसायचो.

एकदा प्रॉडक्शनने नवा हिरवा रंग आणला. काकांनी मला ठिपका लावला. रात्रभर कानामागे आग आग झाली. सकाळी मी केस मोकळे सोडून सेटवर गेले. दोन वर्षं ऑडिशन्स देऊन मिळालेलं काम होतं. माझ्या जागी दुसरी उभी करायला त्यांना एक फोन पुरला असता.

काकांनी केस बाजूला केले, पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला. "ह्यो रंग हिका लावूचो नाय."

"काका, एपिसोड उद्या जायचाय! वाट लावता काय?" दिग्दर्शक ओरडला. मग माझ्याकडे वळला. "तू सांग, त्रास होतोय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कान ठणकत होता.

"नाही सर," मी म्हटलं. "काकांना उगाच वाटतंय."

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. एवढी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही. "उद्यापासून येऊ नका," दिग्दर्शक त्यांना म्हणाला. त्यांनी पेटी आवरली. रंग दुसऱ्याने लावला.

दुसऱ्या शॉटपर्यंत गाल पेटले, डोळे सुजून बारीक झाले. तरी मी सीन पुरा केला आणि संध्याकाळी साबण घेऊन मागच्या नळाकडे धावले. तिथे बाकावर काका बसलेले. सकाळपासून.

"साबण नको. बस हय."

त्यांनी कापसावर खोबरेल घेतलं. जराही न घासता, रंग सुटेपर्यंत थांबत थांबत ते पुसू लागले. मला रडूच फुटलं. "काका, मी खोटं बोलले. माझ्यामुळे तुमचं काम..."

"बोलू नको," काका म्हणाले. "ओठाकडे रंग आसा. तोंडात जायत."