उरलेला उजवा हातमोजा

आमच्या ऑपरेशन थिएटरात डाव्या हातमोज्यांची कायम टंचाई असायची आणि उजवे नुसते पडून असायचे. सर्जन उजव्या हातात सुई धरतो आणि डाव्या हाताच्या बोटानं आत चाचपतो. त्यामुळे टोचतं ते डाव्यालाच, त्यातही बहुतेकदा अंगठ्याशेजारच्या बोटाला. आता तुम्ही म्हणाल, फाटला तर फेका आणि नवी जोडी काढा. फेका म्हणे! आमच्या वेळी मोजे धुऊन, वाळवून, वाफेत निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरायचे, अगदी त्यांचा जीव जाईपर्यंत.

लग्न करून मी भोपाळला आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात होता आणि आमचं क्वार्टर सोनागिरीला लागून. नर्सिंग मी कोल्हापूरला केलेलं. इथे एका हॉस्पिटलात थिएटर सिस्टर म्हणून लागले ती निवृत्त होईपर्यंत तिथेच चिकटले. नवरा म्हणायचा, हिचं खरं सासर तिकडेच आहे. चुकीचं नव्हतं ते.

त्या दिवसांतलं काय आठवतं म्हणाल, तर ऑपरेशनं नाही आठवत. हॉस्पिटलच्या गच्चीवरचं थंडीतलं ऊन आठवतं. सकाळचं काम आटोपलं की मी धुतलेल्या मोज्यांची बादली घेऊन वर जायची. मोज्यात पाणी भरायचं, मनगटाशी पिळून घट्ट धरायचं आणि एकेक बोट दाबून बघायचं. भोक असलं की बारीक पिचकारी उडायची, आणि ती नेमकी माझ्या चष्म्यावर. नुसत्या डोळ्यांना ते भोक दिसत नाही. पण तेवढ्यातून सर्जनच्या हाताचा घाम पेशंटच्या जखमेत जातो, घामाबरोबर जंतू जातात, आणि पेशंटचं रक्त इकडे सर्जनच्या हाताला लागतं. हात कितीही घासा, माणसाची कातडी काही उकळून घेता येत नाही.

डावा असा फुटका निघाला, की उरलेला उजवा उलटा करायचा. आतली बाजू बाहेर काढली की उजव्याचा डावा होतो. खोटं वाटत असेल तर घरी करून बघा. मग तो दुसऱ्या एका उजव्याबरोबर जोडी लावून, पावडर मारून कापडी पिशवीत घालायचा. फुटके मी उकळून घरी न्यायची. रंगपंचमीला आमच्या कॉलनीतली पोरं फुग्यांऐवजी पाच बोटांचे रंगीत पंजे एकमेकांवर फेकायची, भोकांना गाठी मारून. असला थाट दुसऱ्या कुठल्या कॉलनीत नव्हता!

आमचे सर ग्वाल्हेरचे मराठी. म्हणजे बोलणं मराठी आणि रागावणं हिंदी. हाडांचे सर्जन. चहा गार झाला तरी चिडायचे, दिवा हलला तरी चिडायचे, आणि मीही काही गाय नव्हते. एकदा मोजा चढवताना म्हणाले, "सिस्टर, आज पुन्हा उलटा?"

"उलटा आहे पण धड आहे, सर. सुलटा हवा असेल तर भोकाचा देते."

सगळे हसले, सर सोडून.

पण एका गोष्टीवर ते कधी चिडले नाहीत. त्यांनीच घालून दिलेला नियम होता तो. ऑपरेशन चालू असताना मोजा फाटलेला कुणालाही दिसला, सिस्टर असो, शिकाऊ डॉक्टर असो, तर मोठ्यानं म्हणायचं, "सर, हात!" हे दोन शब्द कानावर पडले की सर दोन्ही हात लगेच वर करायचे. कुठं, केव्हा, कशावरून, एक प्रश्न नाही. आधी हात जखमेतून बाहेर, मोजे बदलायचे, बाकीचं मग. माझ्या डोळ्यांना भास झाला आणि मोजा धड निघाला, असंही झालंय. सरांनी नुसता दुसरा मोजा मागितला. मला त्या माणसाबद्दल जे काही वाटतं, ते त्या वर केलेल्या हातांमुळे वाटतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. इथे सांगते.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. मी मुलाबरोबर भोपाळच्या कडेला मिसरोदला राहायला आले, सर शहरातल्या चार इमली भागात मुलीच्या सरकारी बंगल्यात. मागच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. गुडघा पार गेला होता, बदलायचं ठरलं होतं. ऑपरेशन करणार होता त्यांचाच एकेकाळचा विद्यार्थी, जो आमच्या थिएटरात शिकाऊ म्हणून माझी बोलणी खाऊन मोठा झाला आणि आज बडा सर्जन आहे.

"सिस्टर, तुम्ही आत उभ्या राहा," सर म्हणाले.

"मी? मी काय करणार आता?"

"काही नाही. उभ्या राहा." मग म्हणाले, "मला दुखण्याची भीती नाही हो. पू होण्याची आहे."

सरांना जुना मधुमेह. नव्या सांध्यात जंतू शिरले तर सांधा काढावा लागतो आणि त्यांच्या वयात माणूस मग अंथरुणातून उठत नाही. असे पेशंट आम्ही दोघांनी पाहिले होते. त्यांना खोटा धीर देऊन काय उपयोग? मी म्हटलं, येते.

विद्यार्थ्यानं परवानगी दिली, पण अट घातली. भिंतीशी उभं राहायचं, कशाला हात लावायचा नाही आणि बोलायचं नाही. "प्लीज सिस्टर," तो म्हणाला. मला ओळखून होता गुलाम!

आत गेले आणि बघतच राहिले. माझं थिएटर कुठं आणि हे कुठं! आता हातात एकावर एक दोन मोजे, आतला हिरवा आणि वरचा फिका. वरच्याला भोक पडून ओल आत शिरली की तिथं गडद हिरवा डाग उमटतो. पाणी भरायला नको, चष्मा भिजायला नको. काय सोय केलीय! आनंद झाला आणि थोडा रागही आला, की हे आमच्या वेळी का नव्हतं.

सरांना कमरेतून भूल दिली होती. वरून थोडं गुंगीचं औषध, त्यामुळे डोळे मिटलेले. दोन्ही हात दोन बाजूंच्या फळ्यांवर पसरलेले, एकाला सलाइन, दुसऱ्याला ब्लडप्रेशरचा पट्टा. छातीवर हिरवा पडदा, पडद्यापलीकडे त्यांचा गुडघा. मी डोक्याच्या बाजूच्या भिंतीशी उभी होते, तिथून मला दोन्हीकडचं दिसत होतं. करवत चालली, हाड कापलं गेलं. विद्यार्थी कापलेल्या कडेवरून बोट फिरवत होता. डावं बोट. कापलेल्या हाडाची कड सुरीसारखी असते, हे त्याला मीच एकदा खेकसून सांगितलेलं.

मग त्यानं नवा सांधा घ्यायला हात पुढे केला आणि मला डाग दिसला. मसुराच्या दाण्याएवढा, अंगठ्याशेजारच्या बोटावर. तिथल्या सिस्टरचं लक्ष सांधा देण्याकडे होतं, मदतनीस डॉक्टर जखमेत बघत होता. कुणीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. कुणी बोलेना. बोट सांध्याला लागायला वीतभरही अंतर उरलं नाही.

"सर, हात!"

इतक्या वर्षांनी तोच आवाज निघाला, गच्चीपर्यंत जाईल असा. विद्यार्थ्याचे दोन्ही हात तत्क्षणी वर गेले. आणि पडद्याच्या अलीकडे, मिटल्या डोळ्यांनी, सलाइन आणि पट्ट्यासकट, आमच्या सरांनीही दोन्ही हात वर केले.

"अरे सर, हाथ नीचे रखिए!" भूल देणारी डॉक्टर धावली. तिला बिचारीला काही कळेना. विद्यार्थी तसाच हात वर धरून उभा होता आणि मास्कच्या वर त्याचे डोळे भरून आले होते. माझे तर वाहतच होते. मोजे बदलले, दोन्ही थर बदलले, आणि मगच सांध्याला हात लागला.

पुढचे दिवस मी मिसरोदहून रोज संध्याकाळी फोन करायची. ताप आहे का, जखम लाल आहे का, पाणी येतंय का. सरांची मुलगी वैतागली असणार, पण गोड बोलली. टाके काढायच्या दिवशी मी स्वतः गेले. पट्टी निघाली. जखम कोरडी ठणठणीत, कडेला लालीसुद्धा नाही. माझा जीव भांड्यात पडला.

चहा आला. सरांनी विचारलं, "कुठलं बोट होतं?"

"डावं. अंगठ्याशेजारचं."

"मग उजवा चांगला होता की!"

"चांगला होता, सर. फेकला त्यांनी."

"फेकला?" सर खरोखरच हळहळले. "उलटा केला असता तर झाला असता." मग माझ्याकडे वळून नेहमीच्या तिरसट आवाजात म्हणाले, "आणि तुम्ही ओरडलात कशाला? तुम्हाला गप्प राहायला सांगितलं होतं ना?"

"आणि तुम्ही हात वर केलेत कशाला?" मीही सोडते होय! "तुम्ही तर पेशंट होतात."

सरांनी मांडीवरच्या आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"अहो, तुमचा आवाज आला," ते म्हणाले. "मला वाटलं, पेशंट माझा आहे."