भरल्या पोटी वाघ

माझी धाकटी बहीण वन्यजीवांची डॉक्टर आहे. चंद्रपूरकडच्या जंगलात एका वाघाला बेशुद्ध करून गळपट्टा बसवायचा होता, तेव्हा मी तिच्यासोबत होतो. पट्टा बसल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून वाघाला जाळीत घेतलं आणि काट्याला टांगलं.

"दोनशेच्या वर!" कुणीतरी आनंदानं म्हणालं.

"पोट बघा की त्याचं," बहीण म्हणाली. तिचा हात वाघाच्या छातीवर, श्वासावर होता. "सांबर खाऊन आलाय. यात सांबर किती आणि वाघ किती, कसं सांगणार? वजनापुढे 'भरल्या पोटी' असं लिहा."

शिकाऱ्यांच्या जुन्या गोष्टींत प्रत्येक वाघ आधीच्यापेक्षा मोठा असतो आणि काटा कुणाकडेच नसतो. इथे काटा समोर होता, तरी ही मुलगी वाघाला जास्तीचा एक किलोही द्यायला तयार नव्हती. मला तिचा फार अभिमान वाटला.

तिनं उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि आम्ही गाडीत जाऊन बसलो. थोड्या वेळानं वाघ उठला, अडखळला, सावरला आणि बांबूत शिरला. सगळीकडे वाळका पाचोळा होता. कान देऊन ऐकत होतो, पण एक पान वाजलं नाही.