कडू केळं

माझ्या अक्काला मी चोरून गोळ्या देत होतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गोळ्या मॉर्फिनच्या. डॉक्टरांनी दिवसाला चार सांगितल्या होत्या, आणि फारच असह्य झालं तर वरून एक. मी सहा देऊ लागलो, मग सात, मग आठ.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. साक्रीकडच्या खेड्यात एकटी राहायची. कॅन्सर कमरेच्या हाडात उतरला तेव्हा तिला धुळ्याला माझ्या घरी आणलं. तिची एकुलती एक मुलगी नशिराबादला दिलेली. ती आपली मुलगी सासूच्या हवाली करून आईचं करायला आली. अंग पुसणं, कूस बदलणं, वेणी घालणं सगळं तीच करायची. गोळ्या मात्र माझ्याकडे. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे औषधातलं मलाच कळणार, असं घरात सगळ्यांनी धरलेलं. मीही.

पहिले दोन-तीन आठवडे बरे गेले. अक्का उशीला टेकून बसायची, मला ‘मास्तर’ म्हणून चिडवायची. मग कण्हणं परत सुरू झालं. तिचे हाल बघवेनात म्हणून गोळ्या वाढवल्या, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. मी पलीकडच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत असायचो आणि मला शांतता हवी होती.

भाची कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली की मी जास्तीची गोळी केळ्यात कुस्करून अक्काला भरवायचो.

“केयं कडू लागस रे भाऊ.”

“जळगावचं केळं आहे अक्का. लोक ऐकतील तर मारायला येतील मला.”

पहिल्यांदा ती हसली होती. पुढे पुढे चमचा बघूनच ओठ मिटून घ्यायची. “ना,” म्हणायची. “गोयी लिधी का बठ्ठं आंग पेटस. आधी कंबरच दुखे, आते चादरबी टोचस.”

“गोळी घेतली की सगळं अंग पेटतं? दुखणं थांबवायच्या गोळीनं दुखणं कसं वाढेल, अक्का?”

“तुना पुस्तकमा काय शे ते माले सांगू नको, मास्तर. आंग मनं शे.”

अंग तिचं होतं, तरी मी तिची हनुवटी धरून चमचा आत सारला.

गोळ्या महिना संपायच्या आत संपल्या. डॉक्टरांना सांगितलं, एक पट्टी मोरीत पडून भिजली. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि पुन्हा लिहून दिल्या. प्राध्यापक माणूस, खोटं कशाला बोलेल.

एका सकाळी भाची वेणी घालत होती. कंगवा केसांना नुसता लागला असेल. अक्का किंचाळली, तिचा हात झटकून म्हणाली, “हात नको लावू माले. निंघ तिकडे.” भाचीला वाटलं ओढ बसली. तिनं हातानं केस सोडवायला घेतले, तर अक्का पुन्हा तेच, आणखी जोरात. चार-पाच दिवस हेच चाललं. मग भाचीनं पिशवी भरली. “तिला मी नको झालेय मामा,” म्हणाली. “बाई लावा एखादी.” मी तिला बसस्टँडवर सोडलं.

त्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेलो. सगळं अंग दुखतं, स्पर्शसुद्धा सोसत नाही, म्हटलं. त्यांनी कागद ओढून नसेचं चित्र काढलं. नसेवर बारीक दारं असतात. दुखण्याचा निरोप निघायचा म्हणजे दारं उघडून सोडियम आत शिरतो. मॉर्फिन बऱ्याच जणांना चांगलंच लागू पडतं; पण डोस मोठा झाला, बरेच दिवस चालला, की काहींच्या बाबतीत उलटं होतं. असं का होतं ते अजून पूर्ण कळलेलं नाही, पण एक कारण ही दारं असावीत, ते म्हणाले. ती वाढतात, किंवा नुसत्या चाहुलीनं उघडायला लागतात. मग चादरीचा स्पर्शही नस दुखणं म्हणून कळवते. अशा वेळी डोस कमी करायचा, औषध बदलायचं.

ही दारं मी वीस वर्षं फळ्यावर काढत आलोय. सोडियमची खूण Na. दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, “सर, ना म्हणतो आणि तरी घुसतो?” वर्ग हसतो, मीही हसतो.

“पण तुमचा डोस तर कमीच आहे,” डॉक्टर म्हणाले. “चारच देताय ना?”

तिथे सांगता आलं असतं. त्यांनी पेनसुद्धा खाली ठेवलं होतं.

“चारच,” मी म्हणालो.

“मग आजारच पसरलाय. सहा करू.”

मी आठ देत होतो, त्यावरून सहावर आलो. डॉक्टरांना वाटलं त्यांनी औषध वाढवलं, खरं तर ते कमी झालं. आठ-दहा दिवसांत अक्काच्या अंगाची आग निवत गेली. कंबर दुखायची ती दुखतच राहिली. पण चादर सोसू लागली. एका दुपारी तिनं स्वतःहून माझा हात धरून आपल्या कपाळावर ठेवला. “पोर कथी शे?” तिनं विचारलं. पोर कुठे आहे.

“येईल,” म्हटलं.

मी भाचीला फोन केला नाही. ये म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, आता कशी बरी झाली? हाताला अक्काचं कपाळ लागत होतं आणि मी तिच्या पोरीला बोलावत नव्हतो. पाचव्या दिवशी अक्का गेली.

अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडळी जेवून पांगल्यावर भाचीनं विचारलं, “मामा, आई माझ्यावर कशावरून रागावली होती?”

“आजारात माणूस चिडतं,” मी म्हणालो.

त्यानंतर मी तीनदा नशिराबादला जाऊन आलो. दर वेळी सांगायचं ठरवूनच बसमध्ये बसतो. तिच्या हातचं जेवतो, पाऊसपाण्याचं बोलतो, परत येतो. मागल्या खेपेला तिची सासू तापानं पडली होती. भाचीनं पाण्याचा तांब्या खाटेजवळ ठेवला आणि दोन पावलं मागे सरली. “अंग गरम आहे का, बघ जरा,” सासू म्हणाली. तिनं हात पुढे नेला, मग मला म्हणाली, “मामा, तुम्हीच बघा ना.”

मी बघितलं. अंग गरम होतं.

तिला मी एवढं सांगायचं देणं लागतो: तुझ्या आईला तुझा हात नको नव्हता. मी तिला चोरून जास्त गोळ्या देत होतो, म्हणून तिला कुणाचाच हात सोसत नव्हता. शेवटी तिला सोसायला लागलं, तिनं तुला विचारलं, आणि मी तुला बोलावलं नाही.