माळ्यावर जपलेले धवले

आमच्याकडे चांगली वस्तू वापरायची नसते. उरणच्या घरी आईचा मोठा स्टीलचा डबा वरच्या स्टिकरसकट तीस वर्षं नवा राहिला. पैठणी दोनदा नेसून झाली आणि डांबरगोळ्यांत गेली ती गेलीच. वापरलं की झिजतं, ठेवलं की टिकतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

आई धवलारीण. आगरी लग्नांत एकेका विधीला धवले गाणारी, त्यामुळे लग्न ठरलं की भटजीच्या आधी तिला बोलावणं यायचं. लिहिता येत नसल्याने सगळे धवले तिच्या डोक्यातच होते. सहा वर्षांपूर्वी ती आमच्या करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, तेव्हा मी चार रविवार स्वयंपाकघरात बसून तिचे एकेचाळीस धवले लॅपटॉपवर रेकॉर्ड केले. पंखा बंद, मिक्सर बंद. वरच्या टेरेसवरचं ड्रिलिंग तेवढं अधूनमधून आलं.

तोच लॅपटॉप मी द्रोणागिरीच्या गोदामात कामालाही वापरायचो. कंटेनरचे फोटो भरून, पुसून, परत भरून त्याची एसएसडी कायम काठोकाठ असायची. त्या एसएसडीचं मला फार कौतुक. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, आपटली की गेली. हिच्यात फिरणारं काहीच नाही, मग बिघडणार काय, असं मी चारचौघांत ऐकवत असे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे कळायला वेळ होता. दोन वर्षांनी ऑफिसने नवा लॅपटॉप दिला. जुना मी नीट बंद केला, आईच्या मऊ साडीत गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा, मे महिन्यात माळ्याची नुसती भट्टी होते. दुसरी प्रत काढायचं मनातसुद्धा आलं नाही. दागिन्यांची कुणी दुसरी प्रत काढतं का?

यंदा मुलीचं लग्न ठरलं. तिचं म्हणणं एकच होतं, हळदीला डीजे नको, आजीचे धवले हवेत. आईला आता दम पुरत नाही, तेव्हा रेकॉर्डिंग लावू, असं मी म्हणालो आणि चार वर्षांनी लॅपटॉप खाली काढला. तो सुरूच होईना. पनवेलच्या रिपेअरवाल्याने एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला जोडली. एक ते एकेचाळीस, फाइलींची नावं ओळीने दिसली. उघडली एकही नाही.

"काका, हिच्यात डेटा म्हणजे साठवलेला चार्ज," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं बंद ठेवली, वर गरमी, की तो हळूहळू उतरतो. त्यात तुमची आधीच वापरून घासलेली. मधेमधे चालू करत राहिला असता तर चान्स होता."

"म्हणजे जपून ठेवली म्हणून गेली?"

"तसंच समजा."

घरी येऊन आईसमोर बसलो. म्हटलं, जमेल तसं परत गा, या वेळी तीन ठिकाणी ठेवतो. मुलीने मोबाइल धरला. आईने डोळे मिटून हळदीचा धवला धरला. दोन ओळी आल्या. तिसरीला ती थांबली. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच थांबली. करंजाड्याला आल्यावर लग्नाची जी बोलावणी आली ती मीच परतवली होती, तिला दगदग नको म्हणून. घरात तर तिला कुणी गायला सांगितलंच नव्हतं.

"आठवत नाय रं," ती म्हणाली. "तूच बोल्लास ना, आये, आता सगला यात हाय, तू टेन्शन घेव नको. मंग मी पन सोरून दिला."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र तिच्याकडे बघवेना, इतकी लाज वाटली.

हळदीला बायका त्या दोन ओळीच फिरून फिरून म्हणत राहिल्या. आईही त्यांच्या मागोमाग म्हणत होती.