हवेच्या पाइपाला जागा

नव्वदच्या आसपास आमच्या घरात एक लांबलचक लाल रबरी पाइप आला आणि त्याला काही केल्या जागा मिळेना. माणसांना जागा होती, म्हशीला होती, लोणच्याच्या बरण्यांना तर वेगळी खोलीच होती. पाइप मात्र जिथे ठेवावा तिथे कुणाच्या तरी पायात यायचा. चोपड्याला सून म्हणून आले तेव्हा माझंही साधारण असंच झालं होतं, त्यामुळे मला त्याच्याबद्दल थोडी माया होती.

पाइप होता ट्रकचा. आमचे हे ट्रक चालवायचे, केळीच्या बागांतून घड उचलून सावद्याच्या स्टेशनात पोचवायचे. तिथून केळी रेल्वेने दिल्लीकडे जायची. बागेतली जमीन काळी, त्यात पाऊस झाला की भरलेला ट्रक म्हशीसारखा बसकण मारायचा. यांनी त्यावर युक्ती काढली होती. मागच्या चाकांतली हवा थोडी सोडायची, म्हणजे टायर पसरट होऊन चिखलातून निघतात. मग डांबरी रस्त्यावर यायचं आणि ट्रकच्याच ब्रेकच्या टाकीला पाइप लावून हवा पुन्हा भरायची. युक्ती चांगली होती, पण तसं मी कधी यांच्या तोंडावर म्हटलं नाही. घरी चहाला येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतःच ती सांगत होते.

प्रश्न एवढाच होता की ट्रकवर हा पाइप ठेवायचा कुठे. आधी तो बाजूच्या फळ्यांना खिळ्यावर लटकवला. नाल्याकाठच्या एका बाभळीने तो काढून घेतला आणि आमच्या यांना तो शोधत मागे जावं लागलं. मग सुतळीने चासीला बांधला, तर सायलेन्सरला टेकून जळाला. घरभर असा वास सुटला की सासूबाईंनी शेजारणीला विचारलं, कुणाची चप्पल चुलीत पडली का. जळका तुकडा कापून उरलेला पाइप शेवटी केबिनमध्ये पायाशी आला. तिथे तो सुखाने राहिला. शेजारी बसणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे हा त्या माणसाचा प्रश्न.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, ट्रक पहिल्यापासूनच नको होता. जन्मभर केळी पिकवलेला माणूस. केळी वाहून नेणं हा काही धंदा आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. त्या पावसाळ्यात पाइप हाताशी नव्हता तेव्हा ट्रक दोनदा बागेत रुतला, एकदा तर अख्खा माल गाडीतच पिकला. तेव्हा आबांनी जेवता जेवता निकाल दिला: आता पुन्हा अडकला तर ट्रक विकायचा, आणि यांनी धुळ्याला माझ्या भावाच्या दुकानात बसायचं. माझा भाऊही मोठा उत्साही, त्याने लगेच होकार कळवला.

धुळं माझं माहेर, मला धुळ्याचा कसला राग? पण मेहुण्याच्या गल्ल्यासमोर बसून गिऱ्हाइकाला खिळे मोजून देणारा नवरा मला बघवला नसता. त्यांना स्वतःला तर त्याहून नाही. त्या रात्रीपासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं आणि ट्रकचं कौतुक बंद झालं. घरात एवढी शांतता मी कधी मागितली नव्हती.

पुढच्या खेपेला आबा स्वतः ट्रकमध्ये बसून गेले. मदतीला म्हणून नाही, डोळ्यांनी बघायला. मी त्या बागेच्याच गावी आत्तेसासूबाईंकडे गेले होते, परतताना त्याच ट्रकने येणार होते. मी बागेत पोचले तेव्हा ट्रक भरून तयार होता. आबांचं आसन प्रशस्त, पायाशी मोकळी जागा. मला वाटलं, बरं झालं, पाइपाचं काहीतरी केलं यांनी.

केलं होतंच. वडिलांच्या पायात पाइप नको म्हणून यांनी सकाळीच त्याचं छान वेटोळं करून मागे ट्रकच्या कोपऱ्यात ठेवलं होतं आणि बागवाल्याकडे चहाला गेले होते. माल भरणाऱ्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे आधी तळाला केळीचा पाला अंथरला, पाइपासकट. मग त्यावर घड रचत गेले ते पार वरपर्यंत.

यांनी हवा सोडली, ट्रक हेलकावे खात चिखलातून निघाला, डांबरी रस्त्याला लागला. आबांनी टोपी धरून ठेवली होती, पण तक्रार नव्हती. सुटले, असं मी मनातल्या मनात म्हटलं. मग हे खाली उतरले, सवयीने आबांच्या पायाशी हात घातला, आणि तसेच वाकून राहिले.

"अहो, पाइप?" मी विचारलं.

"मागे आहे. तळाला."

भरणारे केव्हाच निघून गेले होते. तसल्या चाकांवर भरला ट्रक दामटला असता तर टायर फाटले असते. संध्याकाळपर्यंत सावद्याला रेल्वेचा डबा भरायचा होता. झालं, आता धुळं, असं मला वाटलं. आबा खाली उतरले. त्यांनी चाकांकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. मी निकालाची वाट बघत होते. त्यांनी टोपी काढून सीटवर ठेवली, धोतराचा सोगा खोचला आणि मागचा फाळका उघडायला लागले.

मग आम्ही तिघांनी ट्रक उतरवला. रस्त्याच्या कडेला पाला अंथरायचा, हे वरून घड द्यायचे, आबा तो दोन्ही हातांत झेलून हळूच आडवा करायचे. आपटलेली केळी काळी पडतात, आणि यांनी एक घड जरा घाईने सोडला.

"धीरे," आबा म्हणाले. "बठ्ठा घड काया पडी जातीन."

चोपड्याकडे जाणारी एस.टी. मुद्दाम हळू झाली. खिडकीतून एकाने डझनाचा भाव विचारला. मी घाम पुसत सांगितलं, हे विकायचं नाहीये, आम्ही पाइप शोधतोय. त्याने खिडकी लावून घेतली.

पाइप निघाला तो चिकाने माखलेला. आबांनी तो हातात घेऊन विचारलं, याचं करायचं काय असतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सगळ्या गावाला सांगितलेली युक्ती यांनी वडिलांना कधी सांगितलीच नव्हती. हे चाचरत सांगत गेले. आबांनी पाइपाचं टोक स्वतः चाकाला लावून धरलं आणि टायर फुगत गेला तसा त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. मागचे चारही टायर त्यांनीच भरले, आम्हाला हात लावू दिला नाही.

घड पुन्हा चढवून सावद्याला पोचलो तेव्हा शेवटचा डबा भरत होता, त्यात आमचा माल गेला. पण परतताना आबा गप्प, आणि नंतरचे काही दिवसही गप्पच. धुळ्याचं नाव कुणी काढेना. रस्त्यात थांबलेला ट्रक अडकला म्हणायचा की नाही, हे विचारायची कुणाची छाती होईना. यांनी तर आपलं सामान मनातल्या मनात बांधलंच होतं.

एका सकाळी अंगणात आले तर ट्रकखालून आबांचे पाय दिसत होते. विहिरीवरचा जुना लोखंडी पाइप त्यांनी सायलेन्सरच्या उलट बाजूला चासीला तारेने आवळला होता आणि त्या पोकळीतून रबरी पाइप ढकलत होते. तो मध्येच अडे, की आबांच्या तोंडून शिवी.

"आबा, नाडी ओवतात तसं करा," मी बोलून गेले आणि जीभ चावली. सासऱ्यासमोर नाडी!

ट्रकखालून "कशी?" असा आवाज आला. मी सुतळीला नट बांधला, आबांनी लोखंडी पाइप एका बाजूने जरा सैल करून तिरका धरला, नट खडखडत दुसऱ्या टोकाला आला. सुतळीला रबरी पाइप बांधून मी ओढला. सुळकन बाहेर आला, ना जळण्याची भीती, ना कुणाच्या पायात येण्याची.

"हाई काम व्हयनं," आबा खालूनच म्हणाले. "पुढला पावसायाना पहिले येले झाकन बी करी लेसूत."

मी पाइपाचं टोक हातात धरून तशीच उभी राहिले. पुढचा पावसाळा. म्हणजे ट्रक राहणार होता. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू, आणि चिकट हात असल्याने डोळेही पुसता येईनात.

हे आंघोळ करून बाहेर आले तेव्हा मी सांगितलं, धुळ्याला भावाला निरोप धाडा, दुकानात दुसरा माणूस बघ म्हणावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ट्रकखालच्या पायांकडे बघितलं. मग धुतल्या कपड्यांनिशी वाकले आणि ट्रकखाली आबांच्या शेजारी जाऊन आडवे झाले.